गेटवरच्या आया आणि शिवाचं जावळ

१२ जानेवारी, सोमवार

सुट्टी संपवून जाताना ह्यांनी ही डायरी हातात दिली. म्हणाले, “फोनवर सगळं सांगत बसतेस आणि रेंज गेली की रुसतेस. त्यापेक्षा लिही.” बरं बाई, लिहिते. ह्यांचं नाव जोतीराम. स्वतःच्या डायरीत नवऱ्याचं नाव लिहायला कसली आलीय लाज! फौजेत ड्रायव्हर आहेत, सध्या पठाणकोटला. मी अपेक्षा. माहेर आटपाडीकडचं, सासर म्हसवडच्या पुढं वस्तीवर, दोन्ही घरांत मेंढरं. आमच्या पोराच्या, शिवतेजच्या, शाळेसाठी जूनपासून साताऱ्यात गोडोलीला दोन खोल्या घेऊन राहतो, तो आणि मी.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका अटीवर सोडलंय. “येक वरीस बघीन. पोरगं रमलं आन् तू हाईस तशीच ऱ्हायलीस तर ठीक. न्हाईतर जूनपास्नं दोघंबी वस्तीवर.” मला परत जायचं नाही. हे एकदाचं लिहूनच टाकते. वस्ती वाईट नाही, आत्याही वाईट नाहीत, पण मला इथंच राहायचंय.

कारण विचारलं तर कुणाला सांगता येणार नाही असं आहे. गेटवरच्या आया! शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभ्या असतात. देवा, काय एकेक असतात! माझ्याच वयाच्या, सव्वीस-सत्तावीसच्या. एक पळायचे बूट घालूनच येते, यवतेश्वरच्या घाटात पळून आलेली असते. एकीचे केस मानेपर्यंत कापलेले आणि कानात एवढाले डूल. मोठ्या मॅडमशी बोलतानासुद्धा कंबरेवर हात. मी ड्रेस घालते, तरी मॅडम समोर आल्या की माझा हात नसलेला पदर शोधतो.

सगळ्यांत भारी प्रियदर्शनी. कराडकडचं बागायतदार घराणं, मिस्टरांचं इथं ट्रॅक्टरचं शोरूम. लाल स्कूटरवरून येते, एका झटक्यात स्टँड लावते, गॉगल डोक्यावर सरकवते आणि सगळ्या गेटकडे बघून हसते. तिची शिवांजली आमच्या शिवाच्याच वर्गात आहे. ती स्वतः रोज वीस मिनिटं आधी येऊन उभी असते, घरी एवढे नोकरचाकर असून! केवढी हौस पोरीची. आज तिच्याकडे बघता बघता मी शिवाला घ्यायलाच विसरले, तोच येऊन माझी ओढणी ओढायला लागला.

१६ जानेवारी

आज ती माझ्याशी बोलली! शिवाच्या दोन वेण्या बघून म्हणाली, “किती गोड मुलगी आहे तुझी.” मी म्हटलं, “मुलगा आहे हो मॅडम.” ती एवढी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. म्हणाली, “मॅडम काय गं, प्रियदर्शनी म्हण.” म्हणणार कशी? जीभ वळत नाही.

मग तिला सगळं सांगावं लागलं. शिवा पोटात होता तेव्हा आत्यांनी बिरोबाला नवस बोललेला, पोर सुखरूप झालं तर जत्रेत, मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढीन. तोपर्यंत केसाला कात्री नाही. पहिल्या वर्षी मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ अमृत, मेंढरं घेऊन लांब गेलेला. दुसऱ्या वर्षी मामंजी गेले, सुतक लागलं. तिसऱ्या वर्षी अमृतलाच कावीळ. आता शिवा चार वर्षांचा होईल आणि केस कंबरेला टेकलेत.

“मेंढरं कुठं नेतात?” तिनं विचारलं. मी म्हटलं, सध्या कराडच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानात बसवतात. ती म्हणाली, “अय्या, आमच्या शेतात दर वर्षी बसतात की!” मी मान खाली घातली. उद्यापासून ही माझ्याशी बोलणार नाही असं वाटलं.

१९ जानेवारी

बोलली. उलट माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी मागून खाल्ली, उभ्या उभ्या, गेटवर. मी सुटले एकदाची!

२३ जानेवारी, शुक्रवार

लिहायला हात होत नाही. शिवाला वर्गातली पोरं ‘शिवानी’ म्हणतात हे माहीत होतं, त्यानं मला काही वाटत नव्हतं. पण आज चड्डी ओली करून आला. मॅडम म्हणाल्या, तो टॉयलेटलाच जात नाही. घरी आल्यावर खूप विचारलं तेव्हा म्हणाला, “पोरं म्हंत्यात पोरींच्यात जा. पोरी म्हंत्यात तू पोरगा हाईस.” साडेतीन तास धरून बसायचा माझा बाळ! मी रडले. मग त्याला दोन पुऱ्या गुळाच्या करून घातल्या. दुसरं काय करणार होते?

आत्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “दोन म्हैनं ऱ्हायल्यात जत्रंला. समजाव त्याला.” मी म्हटलं, बरं.

२७ जानेवारी, मंगळवार

मी केलं! खरंच केलं!

सकाळी शिवा गेटाच्या आत जाईना, खांबाला मिठी मारून बसला. प्रियदर्शनीनं बघितलं. म्हणाली, “अगं अपेक्षा, केसच आहेत ना? पोर रोज रडतंय आणि तू कुणाची वाट बघतेस?” कंबरेवर हात ठेवून म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलं आणि मला सगळं एकदम सोपं वाटलं. शिवांजलीला वर्गात सोडून ती आम्हाला दोघांना स्कूटरवर घेऊन थेट पोवई नाक्याला. तिथं लहान मुलांचे केस कापायचं दुकान आहे, खुर्ची मोटारीच्या आकाराची, समोर कार्टून. शिवा स्टेअरिंग फिरवत बसला आणि दुकानवाल्या ताईंनी वेण्या कापल्या. बाजूला बारीक, वर जरा झुबकेदार, फौजी कट. बाई गं, हुबेहूब ह्यांचा चेहरा निघाला आतून!

तिथून परत शाळेत सोडला. बारा वाजता पळत आला, “मम्मी, मी पोरांच्यात जाऊन आलो!” मी गेटवरच त्याचे मुके घेतले. सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. मीही त्यांच्यातलीच आहे असं पहिल्यांदा वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला.

२८ जानेवारी

कर्म माझं! केस!

पहाटे डोळे उघडले आणि ताडकन उठून बसले. जावळाचे केस कुणी जमिनीवर पडू देत नाही. मामाच्या धोतरात झेलायचे, देवाला दाखवायचे, मग नदीत सोडायचे. आणि मी ते दुकानात फरशीवर टाकून आले! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? फोटो काढत बसले, हे काय म्हणतील आणि प्रियदर्शनी काय म्हणेल यात.

शिवाला शाळेत सोडून धावत पोवई नाक्यावर. ताई म्हणाल्या, “कालच झाडून बादलीत भरले, आत्ताच घंटागाडी घेऊन गेली.” मी घंटागाडीच्या मागं. चप्पल हातात घेऊन राजपथावर पळाले. गाडीवाल्यानं थांबवली, म्हणाला, “काय ताई, मंगळसूत्र गेलं का?” मी म्हटलं, “केस.” त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, घरी जावा. ऊन लागलंय तुमाला.”

आल्यापासून बसून आहे. आत्यांना कळलं तर एक वर्ष नाही, एक दिवस ठेवायच्या नाहीत. ‘तू हाईस तशीच ऱ्हायलीस तर’ असं म्हणाल्या होत्या. मी राहिले का?

१ फेब्रुवारी, रविवार

आत्यांचा रविवारचा व्हिडिओ कॉल. शेजारच्या अर्जुनाच्या फोनवरून करतात. मी शिवाला लोकरीची कानटोपी घातली, हनुवटीखाली बंद बांधला आणि सांगितलं, सर्दी झालीय. त्या म्हणाल्या, “जप गं पोराला.” पाच मिनिटांत फोन ठेवला. काही कळलं नाही त्यांना! सुटले. आता दर रविवारी टोपी.

८ फेब्रुवारी, रविवार

परत टोपी. आत्या म्हणाल्या, “सर्दी लय दिस चालली.” मी म्हटलं, साताऱ्यात गार वारं असतं. “व्हय, आसंल,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “केसाला ख्वाबऱ्याचं तेल लावतीस न्हवं?” मी म्हटलं, रोज. हे खोटं नाही. जेवढे आहेत तेवढ्यांना लावते.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज ऊन चांगलंच तापलेलं. शिवा टोपीत घामानं निथळत होता. आत्या म्हणाल्या, “मान तेवढी मोकळी दिसतीया. वारं लागंल.” मी पटकन त्याच्या गळ्याला टॉवेल गुंडाळला. त्यांचा चेहरा फोनवर तसाच थांबला, रेंज गेली असणार. मग म्हणाल्या, “अपेक्षे, तुला काय बोलायचं हाय का?” मी म्हटलं, नाही आत्या, सगळं झकास. “बरं,” म्हणाल्या आणि ठेवला फोन. वाचले. भोळ्या आहेत बिचाऱ्या, त्यांना फसवताना जीव खालीवर होतो.

२० फेब्रुवारी

चार दिवस प्रियदर्शनी रिक्षानं येतेय. साडी, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या, गॉगल नाही. साडीतसुद्धा काय दिसते! मी विचारलं, स्कूटर कुठाय? तर म्हणाली, सर्व्हिसिंगला दिलीय. तिच्या सासूबाई आल्यात कराडहून, ‘आई’ म्हणते ती त्यांना. शिवांजली शिवाला सांगत होती, “आजी आली की आमची स्कूटर खालच्या काकूंच्या पार्किंगमध्ये असते.” मोठ्या बिल्डिंगीत पार्किंगची अडचण असते म्हणतात, ते खरंच असणार.

मी तिला टोपीचं सगळं सांगितलं. ती खूप हसली आणि मग म्हणाली, “चांगलं जमतंय की तुला.” मला बरं वाटलं. तिच्यासारखीनं शाबासकी दिली म्हणजे मी काही अगदीच वेडेपणा करत नाहीये.

७ मार्च

तारीख ठरली. २८ मार्चला जत्रा. आत्या एकवीसला इथं येणार, आठवडाभर राहून आम्हाला सोबत नेणार. टोपी काय, आता गोणपाट बांधलं तरी भागायचं नाही.

अमृतला फोन करून सगळं ओकले. पलीकडं मेंढरं ओरडत होती. तो म्हणाला, “आक्का, मला मांडी द्यायची हाय, ती कुटं जात न्हाई. पर आत्यास्नी सांग.” मी म्हटलं, तुला काय जातंय सांगायला! तो म्हणाला, “मला न्हाईच जात. तुलाबी न्हाई जानार.” पुरुषांना कळत नाही.

१४ मार्च, शनिवार

मला उपाय सापडला. शिवा झाला तेव्हा अमृतनं त्याच्या उशीत भरायला कोकराची काळी लोकर दिली होती. काय मऊ, काय काळी! आज उशी उसवली, मूठभर लोकर काढली, तेल चोळलं आणि लाल फडक्यात पुरचुंडी बांधली. आत्यांना सांगायचं, शाळेनं सक्ती केली म्हणून कापले, पण केस खाली पडू दिले नाहीत, हे बघा जपून ठेवलेत. त्या काय पुरचुंडी सोडून बघणार आहेत! देवाच्या पायाला लावतील आणि नदीत सोडतील.

फार दिवसांनी पोटभर जेवले.

२१ मार्च, शनिवार

सविस्तर लिहिते. विसरायचं नाही म्हणून.

आत्या अकराच्या गाडीनं आल्या. डोक्यावर बोचकं, बोचक्यात बाजरीचं पीठ आणि मटकी. स्टँडवरून रिक्षा केली नाही, गोडोलीपर्यंत चालत! शिवा टोपी घालून दारात उभा. त्यांनी त्याचा गालगुच्चा घेतला. टोपीकडे बघितलंसुद्धा नाही. मी पाणी दिलं, त्या उभ्यानंच प्यायल्या. माझ्या मुठीत पुरचुंडी. वाक्य पाठ केलेलं, ‘शाळेनं सक्ती केली म्हणून.’

आणि मग त्यांनी बोचक्यातून एक नवं धोतर काढलं. पांढरं शुभ्र, हळदीचं बोट लावलेलं. म्हणाल्या, “अमृतला हाय. जावळ झेलायला. तीन वरसं झाली घिऊन, पेटीत ठिवलं हुतं.”

माझ्याच्यानं झालं नाही. म्हटलं, “आत्या, आधी बसा. माझ्याकडून एक चूक झालीय, ती माझ्याच तोंडून ऐका.”

त्या बसल्या. मी सगळं सांगितलं. ओली चड्डी, खांबाला मारलेली मिठी, मोटारीची खुर्ची, घंटागाडी, टोपी. शाळेनं सक्ती केली हे सांगितलं नाही, कारण नव्हती केली. म्हटलं, “मीच कापले. केस टाकून आले ते चुकलं. पोराला मोकळं केलं ते चुकलं असं मला वाटत नाही.” हे शेवटचं कुठून आलं कुणास ठाऊक. बोलून झाल्यावर मलाच धडकी भरली.

आत्या शिवाला म्हणाल्या, “टोपी काड.” त्यानं काढली. डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “म्हैना झाला मला ठावं हाय.”

“आँ?”

“मला काय डोळं न्हाईत व्हय? उन्हाळा लागला तरी कानटोपी, आन् टोपीखाली मान मोकळी. कंबरंयेवढं केस काय हवंत गेलं?”

“मग बोलला का नाहीत, आवं आत्या?”

“तू कवा बोलतीस ती बघत हुते. जत्रंपातूर थांबनार हुते. तवर बोलली नसतीस तर जूनमदी टेंपो घिऊनच आले असते, सामान भराया. केस काय, उगवत्यात. पर हितं ऱ्हाऊन माझ्याशी खोटं बोलाय शिकली असतीस तर ठिवली नसती.”

“राग नाही आला?”

“आला की! लय आला. दोन दिस जेवले न्हाई. बिरोबाम्होरं नाक घासलं, तुला शिव्या घातल्या. आजून थोडा हाय, भाकरी खाल्ल्याव जाईल.” मग माझ्या हाताकडे बघून, “मुठीत काय लपिवलंयस?”

मी पुरचुंडी पुढं केली. त्यांनी सोडली, चिमटीत धरून एकदाच चोळली. “ही कोकराची लोकर.” माझ्याकडे बघितलं. “केस म्हून देनार हुतीस? मला?” जिनं जन्मभर चातीवर लोकर कातली तिला! आणि मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शिवाही हसायला लागला, त्याला काही कळलं नाही तरी. मी मात्र रडत होते. इतकं बरं वाटत होतं की रडूच थांबेना.

नवसाचं त्यांनी आधीच पुजाऱ्याला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, नवस मामाच्या मांडीचा आहे, केसाच्या लांबीचा नाही. जे उगवलंय ते घ्या आणि एक नारळ जास्तीचा फोडा. “आन् ऱ्हावा हितंच,” आत्या म्हणाल्या, “पर फोनवर टोपी नगं.”

३० मार्च, सोमवार

झालं जावळ. अमृत कराडहून एका दिवसासाठी आला, मेंढरं जोडीदाराकडे ठेवून. शिवा त्याच्या मांडीवर बसून वस्तारा बघून असा बोंबलला की ढोल ऐकू येईना. आत्यांनी धोतर चारी बाजूंनी स्वतः धरलं, एक केस खाली पडू दिला नाही. निघाले मूठभरच. अमृत म्हणाला, “ह्या वरसाची सगळ्यात हलकी कातरणी!” भंडारा उधळला, सगळे पिवळे झालो. ह्यांना व्हिडिओवर गोटा दाखवला. हे म्हणाले, “आईला टोपीचं कळलंय हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. तिनं शपथ घातली होती, सांगू नको म्हणून.” घरदार मिळून माझी मजा बघत होतं! दोन तास रुसले. मग तेही जमेना, एवढं हलकं वाटत होतं.

१ एप्रिल, बुधवार

शिवाच्या गोट्याचं गेटवर केवढं कौतुक! पळायच्या बुटांवालीनं तर त्याच्या डोक्याचा मुका घेतला. कुणी शिवानी म्हणालं नाही, टकल्या म्हणाले, त्याला ते आवडलंय.

प्रियदर्शनीनं मला बाजूला, कडुनिंबाखाली नेलं. “सांगितलंस सासूबाईंना?” मी म्हटलं, हो, सगळं. “काही बोलल्या नाहीत?” म्हटलं, “बोलल्या की, लय बोलल्या. मग भाकरी खाल्ली दोघींनी.” ती गॉगल काढून पुसत राहिली. डोळे लाल दिसले, ऊन फार आहे सध्या.

“सुरुवात कशी केलीस?” तिनं विचारलं. “म्हणजे पहिलं वाक्य काय होतं?”

मी सांगितलं. आत्या, आधी बसा. माझ्याकडून एक चूक झालीय, ती माझ्याच तोंडून ऐका.

“परत सांग.” परत सांगितलं. तिनं ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, आत्याच्या जागी आई घालून. “आधी बसवायचं, नाही का?”

“हो. उभ्या माणसाला राग लवकर येतो.”

तिला हे वाक्य कशाला हवंय ते मला काही उमगलं नाही. तिच्यासारखीला! पण विचारलं तेवढं सांगावं, म्हणून सांगत गेले.

“आणि बोलताना भीती वाटली तर?”

“वाटतेच,” मी म्हटलं. “पण तोवर बोलून झालेलं असतं.”